वच्छला, चौदावं प्रकरण राहिलं

वच्छला,

तू गेल्याचं मला तुझ्या भाच्याने फोनवर सांगितलं. "मावशी, आत्याबाई गेल्या," एवढं म्हणून तो थांबला. त्यावर मी काय बोलले असेन? "तिच्या पेन्शनचे कागद एका जागी ठेव, हरवू देऊ नकोस." त्या बिचाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे. तू ऐकलं असतंस तर हसून म्हणाली असतीस, "मी मेली, अन् हिले कागद आठवले." फोन ठेवल्यावर मी तुझ्या त्या वाक्याची वाट बघत तशीच थोडा वेळ उभी होते.

आज सोळा दिवस झाले. मला येता आलं नाही. गुडघे एवढा प्रवास करू देत नाहीत, आणि नागपूरच्या या घरात मला गाडीत बसवून नेणारं कोणी नाही. दूधवाला येतो, कामाला बाई येते, दोघं गेले की दार लावायचं. तुझ्याबरोबर मला 'सुमे' म्हणणारं शेवटचं माणूस गेलं. आता मी सगळ्यांची आई, आजी, काकू, नाहीतर मॅडम.

हे लिहिते आहे तुला, पण वाचणार आहेत माझी नातवंडं. ती लहान असताना तू एकदा महिनाभर आमच्याकडे राहिली होतीस, त्यांना पाण्याशिवाय पोहायला शिकवलं होतंस, सतरंजीवर पालथं पाडून. ते त्यांना अजून आठवतं. परवा थोरल्या नातीने फोनवर विचारलं, "आजी, वच्छीआजी आपली नक्की कोण?" मी म्हटलं, "माझी मैत्रीण." ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. उरलेलं बोलून सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

मुलांनी तेव्हाचं चांदा पाहिलेलं नाही. आता चंद्रपूर म्हणतात. आपण दोघी मुलींच्या शाळेत शिकवत होतो. मी इंग्रजी आणि तू गणित. दोघीही इंटरपर्यंत, म्हणजे मॅट्रिकनंतर दोन वर्षं, शिकलेल्या. माझं शिक्षण नागपूरला इंग्रजी शाळेत झालं, वडील डॉक्टर, घरात पुस्तकांची कपाटं. तुझे बाबा मूल गावाच्या पलीकडे एका खेड्यात तळ्यावर मासे धरायचे. तू कोणाकोणाच्या घरी राहून, कोणाकोणाची धुणीभांडी करून इंटर झाली होतीस. हे मला तू कधी सांगितलं नाहीस, शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी सांगितलं.

शाळेचं हायस्कूल होणार होतं. कमिटीच्या सेक्रेटरींनी आपल्याला बोलावून सांगितलं की पुढच्या जूनपर्यंत ज्या बी.ए. होतील त्यांनाच ठेवता येईल. मास्तरणींना घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसायची मुभा होती. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "सुमे, तुले तं काईच नाई. तुझा बाप हाय. मी नापास झाली तं तळ्यावर जाऊन जाळं ओढन." आणि हसलीस. तेव्हा तुझ्या पगारावर घरात पाच माणसं जेवत होती.

आपल्याला सगळ्यात धास्ती होती ती पैसा आणि बँकिंगच्या पेपरची. उत्तरं मराठीत लिहिलेली चालत, पण पुस्तक इंग्रजीत, आणि तेही एकच. माझ्या भावाने नागपूरहून पाठवलेलं, जाडजूड, चौदा प्रकरणांचं. तुझी खोली गावाच्या एका टोकाला, माझं घर दुसऱ्या. आठवडाभर मी वाचायचं की तू, यावर आपलं वाजायचं. एका रविवारी तू शाळेच्या व्हरांड्यात ते पुस्तक मांडीवर घेतलंस, बरोबर मधोमध उघडलंस आणि शिवणाच्या वर्गातल्या कात्रीने शिवण उसवून त्याचे दोन तुकडे केलेस. मी ओरडले. तू म्हणालीस, "काऊन वरडून राह्यली? आमच्याकडे दोन भावाइले एक जाळं असलं तं असंच करते. अर्ध्या जाळ्यातबी मासा येते. घरी टांगलेल्या जाळ्यात कुठी येते?"

मी दोन्ही अर्ध्यांना तपकिरी कागदाचं कव्हर घातलं आणि वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. पहिली सात प्रकरणं तुझी: पैसा म्हणजे काय, त्याची किंमत कशी ठरते, भाववाढ. पुढची सात माझी: बँका, पतनिर्मिती, मध्यवर्ती बँक. ठरलं असं की आपापला अर्धा भाग वाचायचा आणि दर रविवारी दुपारी दुसरीला एक प्रकरण शिकवायचं.

मुलांनो, मी पुढे नागपूरच्या कॉलेजात तीस वर्षं हाच विषय शिकवला. पण इतकं चांगलं शिकवलेलं मी कुठे पाहिलं नाही. तू डिक्शनरी घेऊन एकेक शब्द फोडायचीस. एका पानाला तुला दोन दिवस लागायचे, पण मग ते पान तुझं झालेलं असायचं.

पतनिर्मितीचं प्रकरण माझ्याकडे होतं. बँकेत शंभर रुपये ठेवले तर त्याच्या आधारावर बँक त्याच्या कितीतरी पट कर्जं कशी देते, हे मी तुला तासभर समजावलं. फळ्यावर कोष्टक काढलं. मग तू म्हणालीस, "थांब. तळ्याचं पाणी सगळ्या गावाचं. ज्याले त्याले वाटते का आपलं पाणी तळ्यात हाय. पण धानाले पाणी सोडाचं तं सगळे एकाच दिवशी थोडी येते? आज हा, परवा तो. म्हनून तळं लहान असलं तरी मोठ्या शेताले पुरते. हेच ना?"

हेच. मी खडू खाली ठेवला. तीस वर्षं मी वर्गात हे तळं वापरलं, वच्छला. मुलं खूश व्हायची. 'मॅडमचं तळं' म्हणायची. ते कोणाचं आहे हे मी एकदाही सांगितलं नाही.

आणि तेव्हाच तू पुढचं विचारलंस. "अन् सगळे एकाच दिवशी आले तं?"

मी म्हटलं, "ते शेवटच्या प्रकरणात आहे. चौदाव्या. येईल पुढे."

त्या हिवाळ्यात तेरावं प्रकरण संपलं तेव्हा तू मला तुझ्या मावशीच्या गावी घेऊन गेलीस. वैनगंगा डोंग्यातून ओलांडली आणि गडचिरोलीकडच्या बाजारात पोचलो. रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर 'नवे पैसे' निघाले, त्याला वर्षही झालं नव्हतं. बाजारात एक गोंड बाई टोपलीभर डिंक घेऊन बसली होती. व्यापारी आला, त्याने मापाने डिंक घेतला आणि त्याच मापाने तिला मीठ दिलं. जेवढा डिंक तेवढं मीठ. चांद्याच्या बाजारात डिंकाचा भाव काय होता ते मला ठाऊक होतं. माझ्याच्याने राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "बाई, मीठ कशाला घेता? पैसे मागा ना."

तिने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "कालवरी आन्याचे चार पैसे होते. आता म्हन्ते सहा झाले. उद्या का होईन? मीठ कालबी तेवढंच, आजबी तेवढंच."

मी तुझ्याकडे वळून, जरा मोठ्यानेच, म्हटलं, "बघ, हा पैसा नव्हेच. ही वस्तूंची अदलाबदल. मीठ खाऊन संपतं. पुस्तकात स्पष्ट आहे."

"कोन्या पानावर?" तू विचारलंस.

"तुझ्याच अर्ध्यात आहे. तूच शिकवलंस."

"मंग मीच सांगतो. ह्या बाईच्या घरी जाऊन पाह्य, दोन मडके मीठ असन. एवढं खाल्लं तं मरन ना ते! खाण्यासाठी नाई ठेवलं. बांगड्या घेयाच्या तं मीठ, कपडा घेयाचा तं मीठ. सगळे घेते, कोनी नाई म्हनत नाई. मंग पैसा दुसरा कोनता असते?" आणि मग, बाजूच्या बायांकडे बघून, डोळे मिचकावत: "तुझं पुस्तक ह्या बाजारात चालत नाई, बाई."

सगळ्या हसल्या. तुझी मावशी हसली. तो व्यापारीसुद्धा हसला, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. परतीच्या डोंग्यात मी तुझ्याशी बोलले नाही. तू दोनदा खांद्याला धक्का दिलास. "रुसली का व?"

तो वाद आपण पुढे पन्नास वर्षं घातला. दर भेटीत तू सुरू करायचीस, "काय म्हन्ते तुझं पुस्तक, मीठ पैसा हाय का नाई?" मी म्हणायचे, "ती बाई फसत होती." तू म्हणायचीस, "ते मी इचारलंच नाई." आज मान्य करते. मीठ पैसा होता, हे तुझं खरं. ती बाई फसत होती, हे माझं खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे म्हणायला मला इतकी वर्षं लागायला नको होती. तू ते केव्हाच ओळखलं असणार. तुला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी लिहायला बसले.

पुढच्या रविवारी मी डोकं दुखतंय असा निरोप पाठवला. त्याच्या पुढच्या रविवारी तू आलीस, काहीच झालं नाही अशी. व्हरांड्यात पाय पसरून बसलीस, उजळणी केलीस. उठताना विचारलंस, "झालं ना तुझं अर्धं?"

मी म्हटलं, "झालं."

एवढंच. मी कट केला नव्हता. मनात होतं की हिला आठवडाभर जरा बसू दे, चौदावं राहिलंय हे पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी वाटलं, आता सांगितलं तर गेल्या खेपेला 'झालं' का म्हणालीस, असं विचारेल. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी अवघड झालं. मग परीक्षा आली. चौदावं प्रकरण मी एकटीने तीन वेळा वाचलं.

नागपूरला आपण एकाच गाडीने गेलो. तू तुझ्या आईने दिलेल्या भाकरी मला वाढल्यास. त्या पेपरात पहिला प्रश्न सगळ्यांना सक्तीचा होता: संकटाच्या वेळी बँकांना शेवटचा आधार म्हणून मध्यवर्ती बँक काय काम करते. मी चार पानं लिहिली. लिहिताना दोन ओळी पुढे तुझी पाठ दिसत होती. तू लिहीत नव्हतीस. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतीस आणि सोडत होतीस.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "सुमे, तो पयला सवाल मले कुठी भेटलाच नाई पुस्तकात. तुले आला?"

अजूनही वेळ होती. पेपर झाला होता, पण खरं सांगायची वेळ होती. मी म्हटलं, "थोडाफार लिहिला. अभ्यासक्रमाबाहेरचा असेल."

तुझा चेहरा एकदम मोकळा झाला. "असं काय? मंग सगळ्यायलेच अडला असन." आणि तू माझा हात धरून संत्री घ्यायला नेलंस.

निकाल वर्तमानपत्रात यायचा, नुसते नंबर. शाळेच्या शिपायाने पेपर आणून टेबलावर पसरला. माझा नंबर होता. तू तुझं बोट त्या रांगेवरून दोनदा नेलंस, मग पेपर नीट घडी घालून ठेवलास आणि मला म्हणालीस, "पेढे पाह्यजे." गुणपत्रिका नंतर आली. बाकी सगळ्या पेपरांत तू पास होतीस. त्या एकात नऊ गुण कमी पडले होते.

जूनमध्ये शाळेने तुला सोडलं. जुलैत तू नदीपलीकडे जंगलातल्या एका गावी प्राथमिक शाळेत लागलीस, इथल्यापेक्षा कमी पगारावर. मी कायम झाले. दोन वर्षांनी लग्न झालं, नागपूरला आले, एम.ए. केलं, कॉलेजात लागले. तुला लिहीत राहिले की पुन्हा बस, फी मी भरते, पुस्तक पाठवते. तुझं उत्तर ठरलेलं: "आता ह्या पोराइले सोडून कुठी जाऊ? चौतीस लेकरं हाय, अन् मास्तर मी एकटीच."

तुझ्या शाळेत मी एकदाच आले. तू चिंचेखाली मुलांना गोंडीत वजाबाकी शिकवत होतीस. ती कधी शिकलीस, असं विचारलं तर म्हणालीस, "त्याइनंच शिकवली. फुकट." गावातल्या बाया तुला वाटेत थांबवून घरातलं सांगत होत्या. त्या दिवशी परतताना मी स्वतःला समजावलं की झालं ते बरंच झालं, ही इथे किती सुखात आहे. हा हिशेब मला सोयीचा होता. तू सुखात असशीलही. पण सुखात कुठे राहायचं हे तू ठरवायचं होतंस. ते मी ठरवलं, रुसून.

कॉलेजात मी ते शेवटचं प्रकरण दरवर्षी पहिल्या आठवड्यात शिकवायचे. सहकाऱ्यांना वाटायचं ही माझी खास पद्धत आहे. एकदा एका प्राध्यापकांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "महत्त्वाचं आहे, राहून जायला नको."

मला सगळ्यात छळतं ते वेगळंच. पुस्तकाची अनुक्रमणिका पहिल्या पानावर होती, म्हणजे तुझ्या अर्ध्यात. चौदा प्रकरणांची नावं, ओळीने. आणि चौदावं पुढे यायचं आहे हे मीच एकदा फळ्यापाशी तुला सांगितलं होतं. तुला शेवटचं इंग्रजी नाव वाचता येत नव्हतं असं नाही. डिक्शनरी होती, आणि तू एकही शब्द न फोडता सोडत नसायचीस. मग एक तर तू बघितलंच नाहीस, कारण मी 'झालं' म्हटलं होतं आणि माझं म्हणणं तुला पुरेसं होतं. नाहीतर तू बघितलंस, मोजलंस, आणि मला कधीच विचारलं नाहीस.

पन्नास वर्षं मी पहिलं धरून चालले. त्यात माझा गुन्हा मोठा होता, पण तू माझी राहत होतीस. आता तू नसताना दुसरंच खरं वाटायला लागलं आहे. दरवर्षी दिवाळीला येणारा तुझा चारोळीचा डबा, त्यातल्या सुक्या माशांच्या पुडीवर लिहिलेलं 'हे बामणीनीसाठी नाई, तिच्या नवऱ्यासाठी', माझ्या बाळंतपणात चार दिवस रजा काढून आलेली तू, माझे हे गेले तेव्हा स्वयंपाकघराचा ताबा घेणारी तू. हे सगळं न कळता केलंस, का सगळं कळून? मला विचारता आलं असतं. मागच्या वर्षी तू इथल्या दवाखान्यात होतीस, मी रोज दुपारी तुझ्यापाशी बसत होते. एकदा तू म्हणालीस, "काही सांगाचं हाय का तुले? तोंड तसं दिसून राह्यलं." मी म्हटलं, "नाही ग. ऊन फार आहे आज."

मुलांनो, तुम्ही मला नीटनेटकी म्हणता. आजीच्या कपाटात सगळं जागच्या जागी असतं म्हणता. ही एक गोष्ट मी कुठेच ठेवू शकले नाही. वच्छीआजी आपली कोण, याचं उत्तर असं आहे: जिला मी एक प्रकरण शिकवायचं होतं ती.

म्हणून वच्छला, आज ते शिकवते. लक्ष दे.

मध्यवर्ती बँक तुझ्यामाझ्याशी व्यवहार करत नाही, ती बँकांशी करते. समज, एका चांगल्या बँकेबद्दल एका सकाळी अफवा उठते आणि सगळे लोक तिच्या दाराशी येतात. बँकेने पैसे खाल्लेले नसतात. ते कोणाच्या शेतात, कोणाच्या गिरणीत गुंतलेले असतात. ते परत येतील, पण आज येणार नाहीत. शेजारच्या बँका घाबरून हात आखडतात. अशा वेळी मध्यवर्ती बँकेने आपलं दार उघडं ठेवायचं असतं. तारण चांगलं असेल तर मागेल तेवढं द्यायचं, व्याज चढं लावायचं, पण द्यायचं. लोकांना दिसलं की पैसे मिळताहेत, की निम्मे तिथूनच घरी जातात. म्हणजे गावच्या तळ्याच्या वर आणखी एक मोठं तळं असावं आणि सगळे एकाच दिवशी आले तर त्याचं पाणी खाली सोडावं, असं. यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर वेळ. उद्या दिलं तर उपयोग नाही. उशीर झाला की चांगली बँकसुद्धा बुडते, आणि मग बाकीच्यांचं म्हणणं असतं की तिच्यातच काही कमी असेल.

हे मी आज सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून मोठ्याने म्हटलं. मराठीत, सावकाश, अवघड जागा दोनदा सांगून, तू लिहून घेशील एवढी मध्ये मध्ये थांबत. समोरच्या खुर्चीकडे बघत शेवटपर्यंत गेले. मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

बावीस मिनिटं लागली होती.